ते 'व्हय' कोणत्या प्रश्नाचं होतं?

मी सत्तावीस वर्षं छत्र्या बसवल्या. पावसात डोक्यावर धरायच्या त्या नाहीत. उपग्रहाकडे तोंड करून गच्चीवर बसतात त्या. कंपनीच्या कागदावर माझा हुद्दा फील्ड इंजिनिअर असा होता, पण कन्नडपासून सोयगावपर्यंत मला त्या नावानं कुणी हाक मारली नाही. गाडी गावात शिरली की पोरं ओरडायची, 'छत्रीवाले आले!' माझं साळवे हे आडनाव फक्त पगाराच्या दिवशी आठवायचं.

सुरुवातीची वर्षं शहरातच गेली. वाळूजला एकेक शेड उभी राहत होती आणि कारखान्यांना मुंबई-दिल्लीच्या ऑफिसांशी जोडायला जमिनीखालून तार पोचलेली नव्हती. पत्र्यावर चढून आम्ही छत्री लावायचो, खाली आलं की मॅनेजर स्वतः चहा द्यायचा. मग शहर वाढलं. रस्ते खणून तारा गेल्या, त्या शेडवरच्या छत्र्या मीच उतरवल्या आणि कंपनीनं त्याच छत्र्या पुसून खेड्यांकडे वळवल्या. शहराला नको झालेली वस्तू खेड्यात नवी म्हणून जाते, हे मी तेव्हा पाहिलं. त्यात माझाही हात होता.

हा धंदा बाहेरच्या माणसाला थोडक्यात सांगतो. जमिनीपासून छत्तीस हजार किलोमीटरवर एक उपग्रह एकाच जागी टांगल्यासारखा असतो. आपल्याकडून तो दक्षिणेला, बराच उंच. छत्रीचं तोंड नेमकं त्याच्याकडे पाहिजे. बोटभर हलली की संपलं. म्हशीनं खांबाला मान घासली तरी लाईन जाते. मध्ये झाड नको. गारा, जोराचा पाऊस आला की जाते. वीज गेली की बॅटरी आहे तेवढा वेळ चालते, मग जाते. महिन्याचा डेटा ठरलेला असतो. पाहुण्यांच्या मुलांनी दोन दिवस क्रिकेट बघितलं तर उरलेला महिना साधा फोटोही उघडत नाही. आणि बिघडली तर दुरुस्त करायला मी. मी शंभर किलोमीटरवर, माझ्याकडे तीन तालुके.

गिऱ्हाइकंही एकेक भेटली. सिल्लोडकडच्या एका बागायतदारानं मुलाच्या लग्नात घराला रंग दिला आणि छत्री जुनाट दिसते म्हणून तिलाही, समोरच्या प्लास्टिकच्या टोपीसकट, चकचकीत चांदीचा रंग मारला. लाईन बंद. मी गेलो तर म्हणाले, 'अहो, रंग तर भारीतला हाय.' त्या रंगात धातूची पूड असते, लाटा वर जाऊ देत नाही, हे सांगायला मला अर्धा तास लागला. त्यांनी शेवटी विचारलं, 'मग कोणता रंग देऊ?' दुसऱ्या एका घरी दक्षिणेला कडुनिंब होता. मुलगा म्हणाला, तोडू. त्याची आई बुंध्याला टेकून बसली आणि मला म्हणाली, 'तुझ्या उपग्रहाला सांग जरा सरकाया.' तिथून आम्ही तसेच परत आलो. आज वाटतं, सगळ्यात शहाणं गिऱ्हाईक तेच.

अशा गमती पुष्कळ आहेत. पण एक गोष्ट मी कंपनीत कधी पूर्ण सांगितली नाही. ती आठवली की अजून माझ्या हाताला घाम येतो. तीच इथं लिहितो.

सोयगाव तालुक्यात, अजिंठ्याच्या डोंगराच्या एका घळीत पाच घरांची एक धनगरवस्ती आहे. नाव देत नाही. तीन बाजूंनी डोंगर, मोबाईलची रेंज शून्य. वस्तीमागच्या टेकडीवर वीस मिनिटं चढलं की एका खडकापाशी रेंजची एक काडी यायची. जवळचं गाव पाच किलोमीटरवर.

सलग दुसरं दुष्काळी वर्ष होतं ते. विहिरी कोरड्या, आठवड्याला एक टँकर. वस्तीवरची माणसं मेंढरं घेऊन तापीच्या बाजूला निघून गेली होती. तीन घरांना कुलपं. चौथ्या घरात एक म्हातारे, कानानं ठार बहिरे. पाचवं घर नामदेवचं. नामदेव वाळूजला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात शिफ्टमध्ये कामाला होता आणि तिथंच खोली करून राहत होता. वस्तीवर त्याची आई सोजराबाई, बायको मंगल आणि सहा वर्षांची मुलगी राणी. थोडी कोरडवाहू जमीन आणि सात शेळ्या, त्या सोडून तिघी शहरात जायला तयार नव्हत्या.

नामदेव स्वतः आमच्या ऑफिसात आला. हातात कारखान्याचा डबा, डोळ्यांत रात्रपाळीची झोप. म्हणाला, 'साहेब, बायकोला माझ्याशी बोलाया रोज टेकडी चढावी लागती. एक दिवस फोन नाय आला की मला काम सुधरत नाय. मशीनमधी हात जाईल माझा एखाद दिवशी.'

कंपनीची तेव्हा वस्त्यांसाठी योजना होती. आठ दिवसांत आम्ही छत्री घेऊन गेलो. आम्ही म्हणजे मी आणि मुनीरभाई. मुनीरभाई जीप चालवायचे आणि खांब रोवायचे. शहरातल्या जुन्या वस्तीतला माणूस, बोलणं कमी, हात पक्का. घराचा पत्रा हलका होता म्हणून अंगणात खांब रोवला, बाभळीच्या काट्यांचं कुंपण केलं, आत ओसरीवर मोडेमचा डबा बसवला, बॅटरी जोडली. दुपारी नामदेवचा चेहरा मोबाईलच्या पडद्यावर दिसला तेव्हा सोजराबाईंनी पदरानं पडदा पुसला. त्यांना वाटलं, धुळीमुळे तो जरा अडखळत बोलतोय.

तो धुळीमुळे अडखळत नव्हता. इथंच माझी पहिली चूक आहे.

उपग्रहावरून बोलताना आवाज आधी वर जातो, मग खाली येतो. उत्तर तसंच वर जाऊन खाली. त्यात आमची लाईन स्वस्तातली, एका वाटेवर पुष्कळ गिऱ्हाइकं. प्रश्न विचारल्यापासून उत्तर ऐकू येईपर्यंत चांगला सेकंद, कधी दोन सेकंद जायचे. दोन सेकंद म्हणजे काही फार नाही असं वाटतं. पण माणूस बोलताना तेवढा थांबत नाही. उत्तर आलं नाही की तो पुढचा प्रश्न विचारतो. मग पहिल्या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्या प्रश्नाला येऊन चिकटतं. घरच्या गप्पांमध्ये याची मजा वाटते. 'जेवलीस का' ला 'नाय' आणि 'भांडलीस का' ला 'व्हय', असं काहीतरी होतं आणि दोन्हीकडे हसू येतं.

हे गिऱ्हाइकाला आपणहून सांगायचं नाही, विचारलं तर सांगायचं, असं आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं. सोजराबाईंनी विचारलं नाही. मी सांगितलं नाही.

दुसरी चूक चार महिन्यांनंतरची. महिन्याच्या फेरीत मी बॅटरी तपासली तर ती उतरलेली. वीज गेल्यावर दोन तास चालायची, ती आता पंधरा मिनिटंही टिकत नव्हती. जीपमध्ये नवी बॅटरी नव्हती. पुढच्या फेरीत बदलू म्हणून मी कागदावर 'ठीक' असा शेरा मारला. त्याच दिवशी मंगलनं मला चहा देताना सहज सांगितलं होतं, 'आता टेकडीवर जाणं सुटलं बगा. फोनचं रिचार्ज बी बंद केलं, कशाला लागतं?' मी म्हणालो, 'बरोबर आहे.'

ती पुढची फेरी यायच्या आधीच तो दिवस आला.

मी आणि मुनीरभाई सोयगावात होतो. एका बँकेच्या शाखेची छत्री वाऱ्यानं फिरली होती, ती जागेवर आणायचं काम. सकाळचे साडेदहा वाजले असतील. मी गच्चीवर, आणि फोन वाजला. नामदेव. मागे कारखान्याच्या फाटकाचा गलका.

'साहेब, मंगलीला फुरसं चावलं. कापसाची पऱ्हाटी उपटत होती. आईचा फोन आला हुता, बोलता बोलता लाईन गेली. दवाखान्यात नेलंय, पण कोणत्या ते कळंना. मी गाडीवर निघालोय. तुम्ही लाईन तेवढी चालू करून द्या.'

फुरसं म्हणजे हातभर लांबीचा, मातीच्या रंगाचा साप. आमच्याकडे कोरड्या रानात पुष्कळ. त्याचं विष रक्तात उतरलं की रक्त गोठत नाही. मी म्हणालो, 'नामदेव, मी सोयगावातच आहे. इथल्या सरकारी दवाखान्यात बघून येतो. तू गाडी सावकाश चालव.'

दवाखाना हाकेच्या अंतरावर होता. तिथं सर्पदंशाचा पेशंट आलेला नव्हता. दोन खाजगी डॉक्टरांकडे विचारलं, तिथंही नाही. मी स्वतःला समजावलं, रस्ता खराब आहे, येत असतील वाटेत. दवाखान्याच्या दारातल्या नर्सबाईंना सांगून ठेवलं आणि बँकेच्या गच्चीवर परत गेलो. नट पिळत राहिलो. दर दोन मिनिटांनी खाली रस्त्याकडे बघत होतो. एक टमटम आली, त्यात चाऱ्याच्या पेंढ्या. एक जीप आली, लग्नाची.

सव्वाअकरा झाले. एवढ्या वेळात कुणीही पोचायला हवं होतं. मी शहरातल्या आमच्या ऑफिसात फोन लावला. वस्तीची लाईन कधी बंद पडली ते तिथल्या पडद्यावर दिसतं. फोनवरच्या मुलीनं बघून सांगितलं, दहा वाजून बारा मिनिटांनी. त्या आधी दहाला वीज गेल्याची खूण आहे. म्हणजे कॉल लागला तेव्हा लाईन माझ्या त्या उतरलेल्या बॅटरीवर चालली होती.

मी नामदेवला फोन लावला. तो फुलंब्रीच्या पुढे रस्त्याकडेला थांबला होता.

'नामदेव, एक काम कर. आईशी काय बोललास ते मला शब्दाला शब्द सांग.'

'कामून साहेब? सापडली नाय का ती?'

'तू सांग आधी.'

तो धापा टाकत होता. 'आई म्हणली, मंगलीला फुरसं डसलं, बोटाला. मी म्हणलो, ऐकू येतंय का मला? ती बोलंनाच. मी म्हणलो, गाडी मिळाली का? दवाखान्यात निघाल्या का? मंग ती म्हणली, व्हय. मी म्हणलो, लगीच जावा, मी पण निघतो. ती परत म्हणली, व्हय. मंग बंद.'

मी गच्चीच्या कठड्याला धरलं.

ते पहिलं 'व्हय' गाडीच्या प्रश्नाचं नव्हतं. ते 'ऐकू येतंय का' या प्रश्नाचं होतं. वर जाऊन खाली येईपर्यंत नामदेवनं आणखी दोन प्रश्न विचारले होते आणि ते उत्तर त्यांच्यावर येऊन पडलं होतं. गाडी मिळालेली नव्हती. मंगल कुठंही निघालेली नव्हती. ती अजून वस्तीवर होती आणि तिला आणायला कुणीही गेलेलं नव्हतं.

नामदेव विचारत होता, 'साहेब, काय झालं? बोला ना.' मी त्याला म्हणालो, 'मी वस्तीवर चाललोय, तू दवाखान्यात ये.' कारण सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो उरलेला रस्ता धड आला नसता. हत्यारं गच्चीवरच टाकून मी जिना उतरलो.

मुनीरभाईंनी माझं तोंड बघितलं. जीप चालू केल्यावर एवढंच म्हणाले, 'किधर?'

'वस्ती. नामदेव की बीवी को साँप काटा है. सुबह से वहीं पड़ी है.'

'या अल्ला,' म्हणाले आणि गिअर टाकला.

चौदा किलोमीटर. पहिले नऊ डांबराचे, उरलेले नाल्याच्या पात्रातून. मी आयुष्यात पत्र्यावरून घसरलोय, विजेचा झटका खाल्लाय, पण भीती म्हणजे काय ते मला त्या पाच किलोमीटरांत कळलं. जीप दगडांवरून उड्या घेत होती. दोन्हीकडे वाळकी पऱ्हाटी, एकही माणूस नाही, एकही जनावर नाही. मी मनात हिशेब मांडत होतो. पावणेदहाला चावलं असेल. आता पावणेबारा. मला ती दिसत होती, अंगणात आडवी, आणि तिच्या उशाशी मी लावलेली पांढरी छत्री. मी मुनीरभाईंना म्हणालो, 'जल्दी.' ते म्हणाले, 'साब, टायर फटा तो पैदल जाना पड़ेगा. जल्दी नक्को बोलो.'

शेवटच्या वळणावर सोजराबाई उभ्या होत्या. भर उन्हात, रस्त्याच्या मधोमध. काखेत एक गाठोडं. जीप दिसताच त्यांनी दोन्ही हात वर केले. गाडी थांबली, तर त्यांनी आधी माझ्याकडे बघितलंच नाही. मागच्या सीटवर वाकून वाकून बघत राहिल्या.

'नामा कुठंय?'

'तो येतोय मावशी, दवाखान्यात. मंगल कशी आहे?'

'पर तो म्हणला ना, गाडी... निघतो म्हून? मी तवाधरनं इथं हुबी हाय. कवाची वाट बघायली मी.'

त्यांना तुटक तुटक एवढंच ऐकू गेलं होतं. 'गाडी' आणि 'निघतो'. त्यांचं दुसरं 'व्हय' त्यालाच होतं. मुलगा गाडी घेऊन निघालाय असं समजून त्या दीड तासाहून जास्त वेळ वळणावर आणि घरी अशा येरझाऱ्या घालत होत्या. मुलगा समजत होता, बायको दवाखान्यात पोचली. दोघंही एकमेकांच्या भरवशावर थांबले होते. तो भरवसा मी पोचवला होता.

सोजराबाईंना गाडीत घेऊन वस्तीवर पोचलो, तर राणी ओसरीवर होती. आम्हाला बघून तिनं टाळी वाजवली. 'आये, छत्रीवाले आले! आता पप्पाला फोन लागंल.'

मंगल भिंतीला टेकून बसली होती. जिवंत होती. उजव्या हाताची पहिली दोन बोटं काळीनिळी, हात कोपरापर्यंत सुजलेला, मनगटाच्या वर लुगड्याच्या काठाची पट्टी इतकी घट्ट आवळलेली की ती मांसात रुतली होती. ती हसायचा प्रयत्न करत होती आणि तिच्या हिरड्यांतून रक्त येत होतं. तिनं मला विचारलं, 'लाईन आली का, भाऊ?'

मुनीरभाईंनी तिला लहान मुलीसारखं उचललं आणि मागच्या सीटवर ठेवलं. सोजराबाई आणि राणी तिच्या दोन्ही बाजूंना. हात हलवू नको, असं मी सारखं सांगत होतो, आणि रस्ता तर सगळं हलवत होता. वाटेत मंगल एकदा म्हणाली, 'शेळ्या सोडून दिल्यात, कुणी बांधल्या नायत.' मग गप्प झाली. ती गप्प झाली की राणी तिच्या गालाला हात लावायची. मी मागे वळून बघायचो, पुढे बघायचो. जे बघायला मिळेल याची भीती होती ते कोणत्या बाजूला आहे तेच कळत नव्हतं.

दवाखान्यात नर्सबाई तयार होत्या. त्यांनी पट्टी बघून कपाळाला हात लावला, ती हळूहळू सैल केली. मग एका काचेच्या नळीत मंगलचं थोडं रक्त घेतलं आणि नळी टेबलावर उभी ठेवली.

'वीस मिनिटं हात लावायचा नाही,' त्या म्हणाल्या. 'गोठलं तर बरं.'

ती वीस मिनिटं मी कधी विसरणार नाही. भिंतीवर घड्याळ. टेबलावर बोटाएवढी नळी. सोजराबाई नळीकडे बघत ओठ हलवत होत्या. मुनीरभाई दाराशी उभे. मी ते रक्त गोठावं म्हणून इतकं मागितलं की पुढे माझ्या मुलीच्या ऑपरेशनच्या वेळीही तेवढं मागितलं नसेल. वीस मिनिटं झाल्यावर नर्सबाईंनी नळी आडवी केली. रक्त पाण्यासारखं वाहिलं.

'सलाईन लावा,' डॉक्टर म्हणाले. विषावरचं औषध सुरू झालं. कपाटात तेवढ्या बाटल्या होत्या, हे नशीब. नामदेव दोनच्या सुमारास पोचला. डोक्यापासून पायापर्यंत धुळीनं पांढरा. मंगलनं डोळे उघडले. तो तिच्याशी न बोलता आईकडे वळला.

'आये, तू तर म्हणली व्हय! गाडी मिळाली म्हणली!'

'मी कवा म्हणले?' सोजराबाई ओरडल्या. 'तू म्हणला गाडी घेऊन निघतो! मी वाट बघत बसले, नायतर मी गावात पळत गेले नसते का? तासात माणसं आणली असती मी!'

'मी आसं म्हणलोच नाय!'

एकमेकांना खोटं पाडत होते आणि दोघंही खरं बोलत होते. त्या खोलीत हे फक्त मला माहीत होतं. मी तेव्हाच बोलायला हवं होतं. मी पाणी आणतो म्हणून बाहेर गेलो.

संध्याकाळच्या आत मंगलला रुग्णवाहिकेनं शहरात हलवलं. मूत्रपिंडं बंद पडत आली होती. चार वेळा मशीनवर रक्त शुद्ध करावं लागलं. पहिलं बोट पेरापासून काढलं. मी एक दिवसाआड जायचो, वॉर्डाच्या बाहेरूनच विचारून यायचो. बरोबर तेविसाव्या दिवशी ती स्वतःच्या पायांनी वॉर्डातून बाहेर आली.

त्याच आठवड्यात ऑफिसात वस्तीची तक्रार बंद करायची होती. फॉर्मवर कारणांच्या चौकटी असतात: पाऊस, वीज, उपकरण, ग्राहकाची चूक. मी 'वीज' वर खूण केली. ते खोटं नव्हतं. बॅटरीवरचा माझा 'ठीक' हा शेरा कुणी तपासलाच नाही. आमच्या साहेबांनी उलट पाठ थोपटली, 'साळवे, जीव वाचवलास.' मी खाली मान घालून उभा राहिलो. त्यांना तो विनय वाटला.

नवी बॅटरी घेऊन मी वस्तीवर गेलो तेव्हा नामदेव सुट्टी काढून घरीच होता. मायलेकांचं बोलणं सुरू झालं होतं, पण मोजून मापून. मी ओसरीवर बसलो आणि सगळं सांगितलं. आवाज कुठं जातो, किती वेळ लागतो, ते 'व्हय' कोणत्या प्रश्नाचं होतं. बॅटरीचंही सांगितलं. नामदेव उठून अंगणात गेला आणि छत्रीच्या खांबाला धरून पाठमोरा उभा राहिला. मला वाटलं, उपटून काढतो की काय.

सोजराबाई म्हणाल्या, 'म्हंजी मी नामाला खोटं पाडलं, त्यानं मला खोटं पाडलं, आन् दोघं बी खोटं नव्हतो.'

'नाही मावशी.'

'आन् हे तुला पयल्या दिशीच ठावं हुतं.'

मी 'हो' म्हणालो. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या आत गेल्या.

मंगल म्हणाली, 'भाऊ, बॅटरी बसवा. छत्री नगं म्हणून कसं चालंल? पर टेकडीवरचा फोन बी मी चालू करणार हाय. आन् गावातल्या दुधवाल्याला सांगून ठेवलंय, रोज एकदा वळणापतूर येऊन हाक मारून जा म्हून.'

त्यानंतर नोकरीची सहा वर्षं उरली होती. त्या वर्षांत मी एकही छत्री न सांगता बसवली नाही. लाईन चालू केली की घरच्यांना बसवायचो. एकानं विचारायचं, दुसऱ्यानं मनात तीन मोजून बोलायचं, नुसतं 'हो-नाही' म्हणायचं नाही, कशाला हो ते म्हणायचं. आणि माणूस अडचणीत असेल तर फोन लागला तरी दुसरी वाट धरायची. लोक हसायचे. काहींनी छत्री परत पाठवली. साहेबांनी मला दोनदा बोलावून घेतलं, गिऱ्हाइकं पळवतोस म्हणून. तिसऱ्या वेळी बोलावलं नाही, ऑफिसातल्या कामावर टाकलं.

निवृत्तीनंतर एकदा नामदेवनं मला वाळूजच्या खोलीवर जेवायला बोलावलं. जेवण झाल्यावर त्यानं वस्तीला फोन लावला. पडद्यावर मंगल आली, मागे राणी, आता चांगली उंच झालेली. नामदेवनं विचारलं, 'शेळ्या आल्या का घरी?' आणि तो तोंड मिटून थांबला. मीही थांबलो. पडद्यावर मंगल आमच्याकडे बघत होती, प्रश्न अजून तिच्यापर्यंत पोचायचा होता. त्या दोन सेकंदांत माझ्या हाताला घाम सुटला. दर वेळी सुटतो.

मग तिचे ओठ हलले. अर्धं बोट गेलेला हात तिनं दाराकडे केला आणि सावकाश, एकेक शब्द वेगळा करत म्हणाली, 'सातच्या सात शेळ्या घरी आल्यात. मी सोता बांधल्यात.'